पाठ अडतो तिथे फोन काढा

महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या फोनवर शाळेचं काम दिवसभर येत असतं. यू-डायसची माहिती, पोषण आहाराची नोंद, प्रशिक्षणाची लिंक, केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर तातडीने मागितलेले फोटो. त्यामुळे ‘ऑनलाईन’ म्हटलं की गुरुजींच्या आणि बाईंच्या डोळ्यांपुढे आधी येतं ते माहिती भरणं. वर्गात शिकवताना उपयोगी पडेल असं पुष्कळ काही त्याच फोनवर, तेही फुकट, उपलब्ध आहे. पण ते या गर्दीत मागे पडतं. मग अधूनमधून ‘शिक्षकांसाठी शंभर उपयुक्त संकेतस्थळे’ अशी यादी फिरत येते. आपण ती जपून ठेवतो आणि पुन्हा उघडत नाही. यात शिक्षकाचा आळस नाही. त्या यादीत साधनांची नावं असतात, आपला पाठ नसतो.

म्हणून मी उलट बाजूने जावं असं म्हणतो. आधी पाठ, मग साधन. चार-पाच वर्षं एकच विषय शिकवलेल्या कुणालाही ठाऊक असतं की आपला कोणता पाठ दरवर्षी नेमका कुठे अडतो. पाचवी-सहावीत दशांश अपूर्णांक, सातवीत ऋतू, आठवीत विद्युतधारा, दहावीत वर्तुळ. फळा-खडू घेऊन आपण जीव तोडून सांगतो, मुलं माना डोलावतात आणि चाचणीत तीच चूक पुन्हा दिसते. शोधायचं ते अशा जागेसाठी. साधन निवडताना दुसरी एक अटही मी पाळतो. ते शिक्षकाच्या एका फोनवर किंवा शाळेतल्या एका टीव्हीवर चाललं पाहिजे. प्रत्येक मुलाच्या हातात टॅब, प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येकाचा पासवर्ड, असं काही लागत असेल तर दोनशिक्षकी शाळेत ते टिकत नाही. पस्तीस मिनिटांची तासिका पासवर्ड आठवण्यातच संपते.

विद्युतधारेपासून सुरुवात करतो, कारण पडद्यावरचं साधन खऱ्या अर्थाने काय करू शकतं ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

एक घट, दोन बल्ब, एकसर जोडणी. मुलांना विचारा, कोणता बल्ब जास्त उजेड देईल? आठवीच्या वर्गात बरेच हात ‘पहिला’ या उत्तराला वर होतात. त्यांचं म्हणणं असं की घटातून वीज निघते, पहिला बल्ब त्यातली बरीच वापरतो, उरलेली दुसऱ्याला मिळते. हा समज जगभरच्या मुलांत आढळतो आणि तो फार चिवट असतो. आपण टॉर्चचे दोन बल्ब आणून प्रयोग करून दाखवतो, तर पंचाईत अशी की बाजारातले दोन बल्ब क्वचितच अगदी सारखे असतात. एक जरा जास्त उजळतो, आणि मुलं लगेच त्यालाच ‘पहिला’ ठरवतात. प्रयोगच चुकीच्या समजाला पुरावा देऊन जातो.

अशा ठिकाणी फेट कामी येतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्रात हा प्रकल्प २००२ साली सुरू झाला. सुरू करणारे कार्ल वायमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. त्या वलयाचा उपयोग त्यांनी शाळा-कॉलेजातलं विज्ञान नीट कसं शिकवावं यासाठी केला, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. फेटवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र यांची शंभराहून अधिक हलती, हाताळता येणारी प्रतिरूपं आहेत. ती फुकट आहेत, त्यांतली अनेक मराठीत आहेत, आणि नव्या पद्धतीची प्रतिरूपं फाइल म्हणून उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालतात.

परिपथ बांधण्याच्या प्रतिरूपात डाव्या हाताला घट, तारा, बल्ब, कळ असं साहित्य असतं. बोटाने ओढून मधे आणायचं आणि टोकाला टोक जोडायचं. घट ९ व्होल्टचा, बल्ब १० ओहम रोधाचा, आणि दोन बल्ब घेतले तर दोन्ही तंतोतंत सारखे. परिपथ पूर्ण झाला की तारांमधून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात. दोन्ही बल्ब सारखेच पेटतात. आता ॲमीटर पहिल्या बल्बच्या आधी धरा: ०.४५ अँपिअर. दोन बल्बच्या मधे धरा: ०.४५. दुसऱ्या बल्बच्या नंतर धरा: ०.४५. वर्ग गप्प होतो. घट उलटा करा, ठिपके उलट दिशेने सरकतात, आकडा तोच राहतो. धारा कुठेही ‘खर्च’ होत नाही. मग बल्ब वापरतो तरी काय, हा प्रश्न मुलंच विचारतात आणि ऊर्जेचा विषय आपोआप निघतो.

त्याच पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसते आणि ती फळ्यावर दाखवणं जवळपास अशक्य आहे. कळ दाबताक्षणी सगळ्या तारेतले ठिपके एकदम हलू लागतात. घटाजवळचा ठिपका बल्बपर्यंत पोचण्याची वाट कुणी बघत नाही. ‘बटण दाबलं की लाईट लगेच कशी लागते?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा वेग खरं तर सेकंदाला मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, हे त्या वेळी सांगितलं तर मुलांच्या लक्षात राहतं. शेवटी घटाची दोन टोकं नुसत्या तारेने जोडून दाखवा. पडद्यावर ज्वाळा उठतात. शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते पुन्हा समजावावं लागत नाही.

एवढं झालं की टॉर्चचे खरे बल्ब बाहेर काढा. यातला एक जास्त का उजळतो, असं विचारा आणि दोघांच्या जागा बदलून पाहायला सांगा. जास्त उजेड त्या बल्बबरोबर दुसऱ्या जागी जातो. म्हणजे कारण जागेत नाही, बल्बमध्ये आहे, हे मुलांना आपल्या हाताने कळतं. तारेची टोकं खरडणं, सेल घट्ट धरणं, चटका बसणं हे अनुभव पडदा देऊ शकत नाही आणि त्यांची जागा त्याने घेऊही नये. पडदा पाहून तास संपवला तर मुलांनी एक छान खेळ पाहिला, एवढंच होतं.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी प्रश्न, मग मुलांचा अंदाज, तो वहीत लिहिलेला, आणि त्यानंतर पडदा. अंदाज न घेता सरळ प्रतिरूप दाखवलं तर बहुतेक मुलं ‘हो, असंच असणार’ म्हणतात आणि जुना समज जागच्या जागी राहतो. आपण चुकलो हे ज्याला दिसलं, तोच पुढे नीट ऐकतो.

भूमितीत हेच काम जिओजेब्रा करतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून २००१ च्या सुमारास ते बनवायला घेतलं. आज ते फोनवरही चालतं. दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणात एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सगळे कोन एकरूप असतात असं प्रमेय आहे. मुलं ते पाठ करतात, सिद्धता लिहितात आणि तरी त्यांचा त्यावर विश्वास बसलेला नसतो, कारण वहीत एकच आकृती असते. जिओजेब्रात वर्तुळावरचा बिंदू बोटाने सरकवला की कोनाच्या भुजा बदलतात, आकृती तिरपी होते, लांबते, आखडते, पण कोनाचं माप जसंच्या तसं राहतं. बिंदू कंसाच्या पलीकडे गेला की माप एकदम बदलतं, आणि दोन्ही मापांची बेरीज १८० अंश भरते. चक्रीय चौकोनाचं प्रमेय तिथेच दारात उभं असतं. सिद्धता त्यानंतर लिहावी. काय सिद्ध करायचं आहे हे तोवर मुलांना दिसलेलं असतं.

भूगोलाची अडचण वेगळीच आहे. सातवीत ऋतुनिर्मिती शिकवताना सूर्याच्या भासमान भ्रमणाचं निरीक्षण करायला सांगायचं, तर ते महिनोन्‌महिने करावं लागतं. शून्य सावलीचा दिवस हे त्याचं फार सुंदर उदाहरण. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पण मुंबईत ही घटना एकदा मेच्या मध्यात आणि एकदा जुलैच्या अखेरीस घडते. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते, दुसऱ्या वेळी आकाश भरून आलेलं असतं. बहुतेक मुलांनी हा दिवस कधीच अनुभवलेला नसतो.

स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते ब्राउझरमध्येही उघडतं, उतरवून घ्यायलाच हवं असं नाही. त्यात आपलं गाव निवडायचं आणि तारीख-वेळ हवी तशी पुढे-मागे करायची. मुंबईसाठी १५ मेची दुपार लावली की सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबारा उलटून गेल्यावर. नागपूर निवडलं तर महिनाअखेर तीच घटना बारा वाजून दहाएक मिनिटांनीच घडते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे, मुंबई तिथून बरीच पश्चिमेला आहे आणि नागपूर त्या मानाने जवळ; स्थानिक वेळेचा पाठ एका दृश्यात उलगडतो. मग २१ जून लावा. सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला दिसतो. मुंबईत सूर्य उत्तरेलाही जातो हे ऐकून मोठी माणसंही चकित होतात. २२ डिसेंबरला तो दक्षिणेला झुकून मध्यान्हीही जेमतेम ४८ अंशांवर असतो. एवढं पाहून झालं की मैदानात एक काठी रोवून दर शनिवारी मध्यान्हीची सावली मोजायला मुलांना कुणी सांगावं लागत नाही. पुढच्या महिन्यात सावली किती होईल, हे ती आधीच बघून ठेवतात आणि मग मैदानात जाऊन पडताळतात.

आता दशांश. ३.५, ३.४५ आणि ३.१२५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? पाचवी-सहावीतली बरीच मुलं ३.१२५ म्हणतात, कारण १२५ हा ५ आणि ४५ पेक्षा मोठा. काही मुलं नियम उलटा करून पाठ करतात की अंक जितके कमी तितकी संख्या मोठी. त्यांचं उत्तर इथे बरोबर येतं आणि पुढे ३.५ विरुद्ध ३.७५ मध्ये फसतं. तोंडी विचारलं तर नेहमीचेच चार हात वर येतात. बाकीची तीस मुलं काय समजून बसली आहेत ते शिक्षकाला कळत नाही. वह्या तपासून कळतं, पण तोवर दोन दिवस गेलेले असतात.

यासाठी प्लिकर्स नावाचं साधन मला फार आवडतं, कारण त्यात मुलांना कोणतंही यंत्र लागत नाही. प्रत्येक मुलाला साध्या कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं. त्यावर काळ्या चौकटींची एक आकृती असते, प्रत्येक कार्डाची वेगळी, आणि चार बाजूंना चार पर्यायांची बारीक अक्षरं. आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून मुलाने कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी कोणता पर्याय निवडला ते फोनवर नोंदलं जातं. अक्षरं इतकी लहान असतात की शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कल करता येत नाही. न बोलणारी मुलगीही उत्तर देते आणि चुकली तर सगळ्यांसमोर चुकत नाही. माझ्या मते या साधनाचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. कार्डांवर चकचकीत प्लास्टिक मात्र चढवू नका. उजेड परावर्तित झाला की कॅमेरा गोंधळतो. कार्ड क्रमांक हजेरीच्या क्रमांकाशी जुळवून पुठ्ठ्यावर चिकटवलं तर वर्षभर पुरतं.

पण कार्डांपेक्षा प्रश्न महत्त्वाचा. चार पर्यायांतला प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्यातरी खऱ्या चुकीच्या विचारातून आलेला असला पाहिजे. ३.५, ३.४५, ३.१२५ आणि ‘तिन्ही सारख्याच’ असे पर्याय दिले आणि अर्ध्या वर्गाने ३.१२५ निवडलं, तर पुढची दहा मिनिटं कशात घालवायची ते स्पष्ट होतं. मीटरपट्टी काढा. ३.५ मीटर म्हणजे ३५०० मिलिमीटर, ३.४५ म्हणजे ३४५०, ३.१२५ म्हणजे ३१२५. वर्गाच्या जमिनीवर खडूने तीन रेघा ओढा. मग ३.५ आणि ३.७५ असा दुसरा प्रश्न टाका आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा, म्हणजे उलटा नियम पाठ केलेली मुलंही सापडतील. ज्या शाळेत नेटवर्कच मिळत नाही तिथे चार रंगांचे चार कागद मुलांच्या हातात द्या आणि एकदम वर करायला सांगा. नोंद आपोआप होणार नाही, एवढाच फरक. प्रश्न चांगला असेल तर कागदाचे चार तुकडेही पुरतात.

वाचनाच्या बाबतीत मराठी शिक्षकाचं नशीब खरोखर चांगलं आहे, आणि याची जाणीव फार कमी जणांना आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण बालभारतीचं ‘किशोर’ मासिक, जे नोव्हेंबर १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही ऑनलाईन वाचायला उपलब्ध आहेत हे किती वाचनालय-प्रमुखांना ठाऊक आहे? पन्नासहून अधिक वर्षांच्या कथा, कविता, विज्ञानलेख, चित्रं. मराठीतल्या नामवंत लेखक-चित्रकारांनी मुलांसाठी केलेलं काम तिथे आहे. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला एका जुन्या अंकातली एक गोष्ट टीव्हीवर लावून सगळ्यांनी मिळून वाचायची, एवढं केलं तरी वर्षाकाठी एक भक्कम वाचन होतं.

नुकती वाचायला शिकलेल्या मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर आहे. ते २०१५ साली सुरू झालं. गोष्टींची पुस्तकं चार पातळ्यांत लावलेली आहेत: पहिल्या पातळीवर चित्राखाली एखाददुसरं वाक्य, चौथीवर सलग मजकूर. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकाला पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत सांभाळायची असतात; एकाच विषयावरच्या वेगवेगळ्या पातळ्यांच्या गोष्टी त्याला हाताशी मिळतात. या पुस्तकांचा परवाना खुला आहे. छापा, वाटा, मोठ्या अक्षरात करून भिंतीवर लावा; लेखक-चित्रकाराचं नाव ठेवलं की झालं. आणि ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलांसाठी गोंडी, कोरकू यांसारख्या भाषांतलीही काही पुस्तकं तिथे सापडतात. मेळघाटातल्या पहिलीच्या वर्गात घरची भाषा छापलेली दिसणं ही काय गोष्ट आहे, ते तिथल्या शिक्षकांनाच विचारावं.

दीक्षा ॲपबद्दल थोडं सांभाळून बोललं पाहिजे. केंद्र सरकारने ते २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू केलं, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्याला जोडलेले आहेत. पुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना आपल्याकडे रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली. त्या एका कृतीने जगभरच्या शिक्षकांत मराठी शिक्षकाची मान उंचावली. दीक्षावरचं साहित्य मात्र सगळं एका तोलाचं नाही. काही चित्रफिती अप्रतिम आहेत, काही नुसतं पुस्तक वाचून दाखवतात. म्हणून आदल्या रात्री पूर्ण पाहून घ्यावी आणि वर्गात त्यातली हवी तेवढी दोन-तीन मिनिटंच दाखवावी. मधे थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारावं. पंधरा मिनिटांची चित्रफीत लावून शिक्षक हजेरी भरत बसला तर मुलंही मनाने वर्गाबाहेर जातात. ॲपवरून चित्रफीत आधी उतरवून ठेवता येते, त्यामुळे वर्गात इंटरनेट नसलं तरी अडत नाही.

शिक्षकाच्या स्वतःच्या तयारीसाठी मराठी विश्वकोश हा मोठा ठेवा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभारलेलं हे काम आता ऑनलाईन शोधता येतं. पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींच्या मागे काय आहे ते विश्वासाने वाचायचं असेल तर गुगलच्या पहिल्या पानापेक्षा इथे यावं. विज्ञानाच्या शिक्षकांनी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ पाहिलं नसेल तर आजच पाहावं. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या या माणसाने आयुष्य टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवण्यात घालवलं, पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने पेन, स्ट्रॉ यांतून केलेल्या शेकडो खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं तिथे मोफत आहेत. पडद्यावर पाहून मुलांच्या हाताला काम लावणारं याच्याइतकं चांगलं संकेतस्थळ माझ्या पाहण्यात नाही.

ज्या गावांत रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं तिथल्या शिक्षकांना किविक्सची ओळख व्हायला हवी. संपूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये साठवून इंटरनेटशिवाय वाचता येईल असं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मराठी विकिपीडिया एका साध्या पेनड्राइव्हवर आरामात मावतो, आणि फेटची प्रतिरूपंही याच पद्धतीने साठवून नेता येतात. तालुक्याला गेल्यावर एकदा उतरवून आणलं की वर्षभर शाळेच्या जुन्या संगणकावर चालतं.

एक काळजी मात्र सगळ्यांनी घ्यायची आहे. कोणत्याही संकेतस्थळावर मुलांची पूर्ण नावं, आधार क्रमांक, जन्मतारीख, चेहऱ्याचे फोटो भरू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरलेली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. प्लिकर्ससारख्या ठिकाणी हजेरी क्रमांक टाकला की काम भागतं. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्यावर भरवसा ठेवून पालकांनी पाठवलेल्या मुलाची माहिती अनोळखी सर्व्हरवर जाऊ न देणं हे आपलं कर्तव्यच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटकडून प्रश्नपत्रिका काढून घेणं आता सर्रास सुरू झालं आहे. एकाच उदाहरणाचे पाच नमुने करणं, अवघड उतारा सोपा करणं यासाठी तो उपयोगी आहे. पण मराठीत तो कधी अगदी ठामपणे चूक लिहितो आणि बालभारतीची परिभाषा सोडून भलतेच शब्द वापरतो. त्याने लिहिलेलं प्रत्येक वाक्य पुस्तकाशी ताडल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नये. प्रश्नपत्रिका टाइप करण्याचा कंटाळा हे कारण असेल, तर फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं आणि ते युनिकोडमध्येच होतं. श्रीलिपीतल्या जुन्या फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा कचरा दिसतो, ती डोकेदुखीही जाते.

हे सगळं एका वर्षात वापरायचं नाही. एका सत्रात एक अडलेला पाठ, एक साधन, आणि ते हातात पूर्ण बसेपर्यंत दुसरं नको. दोन-तीन वर्षांत चार साधनं अंगवळणी पडली तर ती शंभरांच्या यादीपेक्षा जास्त कामाला येतील.

आणि एक विनंती. फेटची मराठी भाषांतरं स्वयंसेवकांनी केलेली आहेत, स्टोरीविव्हरवरच्या कितीतरी गोष्टी वाचकांनीच मराठीत आणल्या आहेत, विकिपीडिया तर सर्वांचाच. वर्गात वापरताना एखादं प्रतिरूप अजून इंग्रजीतच आहे, एखादा शब्द बालभारतीच्या परिभाषेशी जुळत नाही, एखाद्या गोष्टीचं भाषांतर कृत्रिम वाटतं, हे सगळ्यात आधी शिक्षकाला दिसतं, कारण मुलं कुठे अडखळतात ते त्याच्यासमोर घडतं. या दिवाळीच्या सुट्टीत अशी एक तरी गोष्ट, एक तरी प्रतिरूप आपण मराठीत आणावं किंवा दुरुस्त करावं. भाषांतर करण्याची सोय त्या त्या संकेतस्थळावरच दिलेली आहे आणि त्यासाठी मराठी चांगलं येणं, आपला विषय पक्का असणं एवढंच पुरेसं आहे.